शेजारचे सुतारआजोबा गेले. श्रद्धांजलीत काय सांगावं?

इचलकरंजीची_ब्रॅडफर्डात

नमस्कार मंडळी. आमच्या शेजारचे पोलिश आजोबा वारले, वय ९८. इथल्या पोलिश चर्चमध्ये प्रार्थना आहे, नंतर पोलिश क्लबात सगळे जमणार आहेत. तिथे पाच मिनिटं मी बोलावं, अशी त्यांच्या मुलीची इच्छा आहे. तिने मला लढायांची आणि पदकांची यादी पाठवली आहे. ती वाचून मी अडले आहे, म्हणून इथे विचारते. आधी माणूस कोण होता ते सांगते.

जन्म १९२५ चा, तेव्हाच्या पोलंडच्या पूर्व सरहद्दीवर, वोलिन प्रांतात. वडील सरकारी जंगलात राखणदार. १० फेब्रुवारी १९४० ला सोव्हिएत शिपाई दारात आले आणि अख्खं कुटुंब मालगाडीत घालून अर्खांगेल्स्ककडे नेलं. त्या खेपेला उचललेल्यांत जंगलखात्याची माणसं आणि सैनिकी सेवेबद्दल जमिनी मिळालेले शेतकरी फार होते. आजोबा तेव्हा पंधराचेही नव्हते. तिकडे बर्फात झाडं तोडायची, जेवढं काम भरेल तेवढा पाव. दोघांनी ओढायची करवत त्यांनी पहिल्यांदा धरली ती तिथे. धाकटा भाऊ तिथेच गेला.

१९४१ मध्ये जर्मनीने रशियावर चाल केली, तेव्हा पोलिश आणि सोव्हिएत सरकारांत करार होऊन या लोकांची सुटका झाली. जनरल अँडर्स यांनी त्यांच्यातूनच फौज उभी केली. आजोबा रखडत दक्षिणेत पोचले, वय वाढवून सांगितलं आणि भरती झाले. १९४२ मध्ये कास्पियन समुद्र ओलांडून इराणात पहलवी बंदर, मग इराक, पॅलेस्टाइन, शेवटी इटली. पाचवी क्रेसोवा डिव्हिजन, बाहीवर रानबैलाचं चिन्ह. मे १९४४ मध्ये माँटे कॅसिनो, म्हणजे जर्मनांनी धरून ठेवलेला मठाचा डोंगर. ११ तारखेच्या रात्रीचा हल्ला फसला, १७ चा टिकला, १८ ला सकाळी मठाच्या पडक्या भिंतींवर पोलिश निशाण लागलं. तेव्हा ते १९ वर्षांचे होते.

हे सगळं मला मुलीकडून कळलं. आजोबा माझ्याशी कॅसिनोबद्दल एवढंच बोलले होते की तिथे ऑलिव्हची झाडं होती आणि एकावरही पान उरलं नव्हतं.

बोलायचे ते लाकडाबद्दल. युद्ध संपलं तेव्हा दोस्त राष्ट्रांच्या याल्टाच्या वाटाघाटीत त्यांचं गाव सोव्हिएत हद्दीत गेलं होतं. परत जाणार कुठे? त्यांच्यासारख्या लाखाहून जास्त पोलिश लोकांनी ब्रिटनमध्येच बस्तान बसवलं. त्यांच्यासाठी १९४७ मध्ये वेगळा कायदाही झाला. पण लोकांना ते नको होते, खाणकामगारांच्या संघटनांनी तर उघड विरोध केला. आजोबा पत्र्याच्या अर्धगोल झोपडीत राहिले, ब्रॅडफर्डच्या लोकरीच्या गिरणीत रात्रपाळी केली आणि मग एका सुताराच्या हाताखाली लागले. तिथून पुढे जवळजवळ पन्नास वर्षं दारं आणि खिडक्या.

इथली घरं दगडी, एकाला एक चिकटलेली. खिडक्या वर-खाली सरकणाऱ्या. चौकटीच्या आत पोकळ कप्पा, त्यात लोखंडी वजनं, वजनांना दोरी, दोरी कप्पीवरून तावदानाला. वजन बरोबर तोललेलं असलं की खिडकी जिथे सोडाल तिथे थांबते. आमची खिडकी थांबत नव्हती, खाली आदळायची. मी बदलून प्लॅस्टिकची बसवणार होते. आजोबा तेव्हा नव्वदीला टेकलेले. त्यांनी मला पटाशी कुठे लावायची ते दाखवलं, पट्टी उचकटायला लावली, जुनी दोरी कुजली होती ती काढून नवी ओवायला लावली. दोरीची गाठ मात्र स्वतः मारली. म्हणाले, "ही खिडकी तुझ्या आजीपेक्षा मोठी आहे, तिला मान दे." ती खिडकी अजून मधेच सोडली तरी थांबते.

आता पेटीबद्दल. मी कोल्हापूरजवळची आहे म्हटल्यावर ते मला वरच्या खोलीत घेऊन गेले होते. त्यांच्या बायकोचं बालपण कोल्हापूरजवळ वळिवड्याला, रशियातून सुटून आलेल्या पोलिश निर्वासितांच्या कॅम्पात गेलं! १९४७ मध्ये ती आईबरोबर, फौजेत असलेल्या भावाकडे इंग्लंडला आली, तेव्हा सामानासाठी तिथल्या कुणा सुताराकडून सागवानी पेटी करून घेतली होती. कोपऱ्यांना पितळी पत्रा, बाजूंना डव्हटेलचे, म्हणजे दात खाचेत अडकवलेले सांधे. पन्नाशीच्या दशकात त्यांचं लग्न झालं, तेव्हापासून पेटी त्यांच्या घरात. आजोबा म्हणाले, "मी इतकी वर्षं यात खोड शोधतोय. सापडत नाही." आतल्या तळफळीवर पेन्सिलीची एक खूण होती, ती त्यांना कुणीच वाचून दाखवली नव्हती. मी वाकून पाहिलं तर देवनागरी आकडा, १८ आणि पुढे दोन उभ्या रेघा. माझे आजोबा गिरणीच्या चोपडीत असंच लिहायचे. मी म्हटलं, साडेअठरा. ते खाली जाऊन टेप घेऊन आले, त्या वयात जिना चढून. फळी मोजली. बरोबर साडेअठरा इंच. त्या सुताराचं नाव काय, हे त्यांनी मला कितीतरी वेळा विचारलं. मला ते कुठून ठाऊक असणार?

तर प्रश्न असा. यादीत युद्धाची पाच-सहा वर्षं आहेत आणि सुतारकामाची एक ओळ: "नंतर सुतार म्हणून काम केलं." मला हे उलटं वाटतं. मी फक्त दारं-खिडक्या आणि पेटीबद्दल बोलले तर त्यांच्या लोकांना ते कमीपणाचं वाटेल का? आणि वळिवड्याबद्दल कुणाला घरातली माहिती असेल तर जरूर सांगा.

पंचगंगाकाठ

ताई, वाचून गलबलून आलं. आमचं गाव वळिवड्याच्या शेजारचं. कॅम्प १९४३ ते ४८ होता, जवळजवळ पाच हजार माणसं, त्यांत बायका आणि पोरंच जास्त, कारण कर्ते पुरुष फौजेत नाहीतर रशियात मेलेले. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकाचं थिएटर, सगळं होतं. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले आणि आजची गांधीनगरची कापडपेठ उभी राहिली.

माझी पणजी कॅम्पात दूध घालायची. घरात सांगतात, की पोलिश बायका हिशेबाला चोख, पण पोरांसाठी हमखास पावशेर जास्त मागायच्या आणि पणजी द्यायची. त्यांतल्या एकीचं मूल इथेच दगावलं, तेव्हा पणजी दोन दिवस तिच्यापाशी बसून होती. एकमेकींची भाषा दोघींनाही येत नव्हती.

सुताराचं म्हणाल तर नाव सापडणं अवघड आहे. कॅम्प उठायला लागला तेव्हा पेट्यांचं काम बऱ्याच जणांना मिळालं असणार. तरी गांधीनगर आणि उचगावातल्या जुन्या सुतारघरांत मी विचारतो. पेटीचे फोटो पाठवा, सांध्याचा आणि त्या आकड्याचा जवळून. कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलिश लोकांचं स्मारक आहे. आजोबांची मुलगी कधी आली तर राहायला आमच्याकडेच, हे तिला माझ्या वतीनं सांगा.

जंगी_पलटणीचा_नातू

ताईंशी मी थोडा असहमत आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

माझे आजोबा मराठा पलटणीत, जंगी पलटण, म्हणजे तेव्हाची पहिली बटालियन. ती इटलीत आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती. ११ मे १९४४ च्या ज्या रात्री तुमच्या आजोबांची डिव्हिजन डोंगरावर चढत होती, त्याच रात्री खाली दरीत आठवी भारतीय डिव्हिजन गारी नदी ओलांडायला लागली. दोन्ही एकाच आठव्या आर्मीत. आमची माणसं आणि ती माणसं एकाच तोफखान्याच्या आवाजात होती. पुढे जुलैत तायबरच्या खोऱ्यात तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे पडले, रायगड जिल्ह्यातले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचं नाव कॅसिनोच्याच स्मारकावर कोरलेलं आहे.

माझे आजोबाही लढाईबद्दल बोलत नसत. मी लहानपणी त्याचा अर्थ असा लावला होता की त्यांना ते महत्त्वाचं वाटत नाही. पण दर वर्षी मे महिन्यात ते दोन दिवस अन्न टाकत. माणूस बोलत नाही म्हणून ती गोष्ट त्याच्या आयुष्यात लहान होती असं नव्हे. कॅसिनोच्या पोलिश दफनभूमीत हजाराहून जास्त कबरी आहेत आणि त्यांतली पुष्कळ पोरं विशी-बाविशीची आहेत. त्यांच्यातल्या कुणाला पन्नास वर्षं दारं बनवायला मिळाली नाहीत.

आणखी एक गोष्ट त्या क्लबातल्या लोकांच्या मनात नक्की असेल. ८ जून १९४६ ला लंडनमध्ये विजयसंचलन झालं. स्टालिन दुखावला जाऊ नये म्हणून पश्चिमेकडे लढलेल्या पोलिश फौजेला त्यात जागा दिली नाही. काही वैमानिकांना तेवढं बोलावलं होतं, तर आमचे बाकीचे सोबती नाहीत म्हणून तेही गेले नाहीत. जे लोक त्या दिवशी रस्त्यावर चालू शकले नाहीत, त्यांच्या पोरांसमोर तुम्ही उभ्या राहणार आहात. युद्ध गाळू नका. थोडक्यात सांगा, पण सांगा.

कॅसिनोचा क्रॉस, म्हणजे त्या लढाईचं पदक, घरात असेल तर त्याच्या मागे नंबर असतो. लंडनला पोलिश फौजेची कागदपत्रं जपणारी सिकोर्स्की संस्था आहे, तिथे त्यावरून चौकशी करता येते, मुलीला कळवा.

रंधा_पटाशी

मी सांगलीचा, तिसऱ्या पिढीचा सुतार. बोलण्याबद्दल मला काही कळत नाही, हत्यारांबद्दल सांगतो.

त्यांचे रंधे, पटाश्या, गुण्या यांचं काय करणार आहेत? कृपा करून घासूनपुसून भिंतीवर लावू देऊ नका. पटाशीच्या मुठीला हाताच्या घामाने जो रंग येतो तो पॉलिश पेपरने जातो, मग ती कुणाचीच राहत नाही. पात्याला हलकं तेल, कापडात गुंडाळून कोरड्या जागी, आणि जमेल तितक्या लवकर काम करणाऱ्या माणसाच्या हाती.

साडेअठराची ती खूण माझे वडीलही घालायचे. एक रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. फळी कापण्याआधी माप तिच्यावरच लिहायचं, कागद हरवतो. एरवी रंध्याखाली ती खूण जाते. तळफळीची आतली बाजू त्याने रंधली नसेल म्हणून राहिली. घाईचं काम असणार, जहाज धरायचं होतं ना त्या लोकांना. तरी सांध्यात खोड नाही म्हणता. घाईतही सांधा असा बसला म्हणजे तो हात रोज तेच करणारा होता. आजोबांनी ते ओळखलं, म्हणून तर नाव विचारत राहिले. हे तेवढं तिथे सांगा.

इचलकरंजीची_ब्रॅडफर्डात

तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री हा धागा मुलीला इंग्रजीत सांगत बसले होते. संचलनाचं ऐकून ती म्हणाली, की बाबांनी घरात त्या दिवशीचं वर्तमानपत्र जपून ठेवलं होतं, का ते आम्हाला कधी विचारावंसं वाटलं नाही. क्रॉस सापडला, नंबर मी उतरवून घेतला आहे. पंचगंगाकाठ, तुमच्या पणजीबद्दल ऐकून तिने पुन्हा सांगायला लावलं. तिच्या आईला दूध घालणाऱ्या बाईची आठवण होती, पण ती कोण हे कसं कळणार. फोटो आज पाठवते.

तर असं ठरवलं आहे. अर्खांगेल्स्कच्या करवतीपासून सुरुवात करायची, कारण तिथेच त्यांच्या हातात लाकूड आलं. कॅसिनोला जे राहिले त्यांचा उल्लेख ऑलिव्हच्या झाडांच्या त्या वाक्यासकट करायचा, आणि १९४६ चं एका वाक्यात, स्पष्ट. उरलेला सगळा वेळ सुतारकामाला. आमच्या गल्लीत त्यांनी बसवलेली दारं कुणाकुणाच्या घरी आहेत ते मी विचारत फिरले. बरीच अजून तीच आहेत, एका घरात तर तिसरी पिढी तेच दार लावते. ती घरं नंबरांसकट वाचून दाखवणार आहे, त्यांतले काही लोक क्लबात येणार आहेत.

हत्यारं नातीला मिळतील. ती इथे लीड्सला फर्निचर करायला शिकते आहे, तिने पटाश्या आधीच नेल्या. पेटी मुलीकडे राहील.

जंगी पलटणीचा नातू, तुमच्या आजोबांचं आणि गारी नदीचं मी तिथे सांगितलं तर चालेल का? नाव नको, फक्त पलटण.

जंगी_पलटणीचा_नातू

जरूर सांगा. नावही सांगायला हरकत नाही, मेसेजमध्ये पाठवतो.