परवानगीविना कंपन्यांची बोधचिन्हे: फुकटची जाहिरात की दिशाभूल?

डेक्कनकर:
काल येथे एका सदस्यांनी लिहिले की, आपल्या फ्लेक्सवर मोठ्या कंपनीचे बोधचिन्ह छापले तर त्या कंपनीचीच फुकट जाहिरात होते, मग परवानगी कशाला मागायची. हे वाचून मला गप्प बसवेना. गेल्या वर्षी आम्ही मुलीला ज्या संगणक क्लासमध्ये घातले, त्याच्या फ्लेक्सवर १४ कंपन्यांची बोधचिन्हे ओळीने झळकत होती आणि वर ‘आमचे विद्यार्थी येथे’ असे लिहिलेले होते. साठ हजार रुपये भरल्यावर, त्यांतल्याच एका कंपनीत असलेल्या माझ्या भाच्याने सांगितले की, तेथे त्या क्लासचे नावही कोणाला ठाऊक नाही. जाब विचारला तेव्हा, ‘आमचा एक मुलगा तेथे मुलाखतीला गेला होता,’ असे उत्तर मिळाले. फी बुडाली. ही जाहिरात कंपनीची झाली की आमची फसवणूक?

चिंचवड गॅरेज:
आपल्या मुलीबद्दल वाईट वाटते, परंतु सर्वांना एकाच तागडीत तोलू नका. बावीस वर्षे मी दुचाकी दुरुस्त करतो. पाटीवर पेंटरकडून तीन कंपन्यांची नावे आणि चिन्हे रंगवून घेतली होती; दिवाळीच्या तोंडावर त्यांपैकी एकीच्या वकिलाची नोटीस आली की, पंधरा दिवसांत सर्व पुसा. कोणत्या गाड्या दुरुस्त करतो, हे मग गिऱ्हाइकाला कळणार कसे?

शिवाजीनगर वकील:
१९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याचे कलम ३० आपल्यासारख्यांसाठीच आहे. वस्तू किंवा सेवा कशासाठी आहे, हे सांगण्यापुरते दुसऱ्याचे नाव प्रामाणिकपणे वापरता येते. मात्र बोधचिन्ह हुबेहूब रंगवले की, हे अधिकृत केंद्र आहे असा समज होतो, आणि जाहिरातीत दुसऱ्याच्या लौकिकाचा गैरफायदा घेणे हे कलम २९(८) नुसार उल्लंघन ठरते. नावाचीही मर्यादा आहे. हॉकिन्सच्या कुकरला बसणाऱ्या गॅस्केटच्या वेष्टनावर दुसऱ्या उत्पादकाने ‘हॉकिन्स’ ठळकपणे छापले होते. २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ते अमान्य केले.

कॅम्पवासी:
कायदा मोठ्यांच्याच बाजूने झुकतो. आपल्या पुण्यातले बर्गर किंग १९९२ च्या सुमारास सुरू झाले, तर त्याच नावाच्या अमेरिकी साखळीचे भारतातले पहिले दुकान २०१४ मध्ये उघडले. तरीही आमच्या माणसाला वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावल्या.

डेक्कनकर:
तेथे नावाचा वाद होता, येथे बोधचिन्हाचा. पुणेकरांचा अभिमान मध्ये आणून विषय भरकटवू नका.

कॅम्पवासी:
भरकटवत नाही. २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने त्या साखळीचा दावा फेटाळला, तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले गेले. कॉलेजात असताना खिशात जेमतेम पैसे घेऊन आम्ही तेथे रांगा लावत होतो, ते दुकान कोणाची नक्कल करते हे मला कोणी शिकवू नये.

शिवाजीनगर वकील:
आपण अर्धीच हकीकत सांगता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत ते नाव वापरण्यास मनाई केली (मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली), आणि त्या अमेरिकी कंपनीच्या व्यापारचिन्हाची भारतातली नोंदणी १९७९ ची आहे. नोंदणीचे वजन असते. परंतु ज्याने स्वतःच्या नावावर ग्राहक जोडले, त्याची तुलना १४ चिन्हे उसनी घेणाऱ्या क्लासशी कोणी करू नये, हे मीही मान्य करते.

कॅम्पवासी:
तेवढे मान्य केलेत, ठीक. क्लासवाल्याची बाजू मीही घेणार नाही.

चिंचवड गॅरेज:
माझ्या पोटावर येते म्हणून मी चिडून लिहिले. चिन्हांमुळे काही गिऱ्हाइके मला कंपनीचे सर्व्हिस सेंटर समजून येत आणि वॉरंटीचे काम मागत, हे खरे आहे. त्यांना परत पाठवताना मला संकोच वाटत असे. रविवारी पेंटरला बोलावले आहे. चिन्हे खरवडून काढतो, नावे साध्या काळ्या अक्षरांत राहतील आणि खाली ‘स्वतंत्र गॅरेज’ असे लिहून घेतो. नावांवरही हरकत आली, तर मात्र मी ती पुसणार नाही.

शिवाजीनगर वकील:
पुसू नका. पाटीचा फोटो तारखेसह जपून ठेवा आणि नोटिशीला लेखी उत्तर द्या. डेक्कनकर, क्लासच्या फ्लेक्सचा फोटो आणि फीची पावती असेल, तर ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येईल.

डेक्कनकर:
पावती आहे. फ्लेक्स अजून तेथेच लटकतो आहे. उद्या सकाळी जाऊन फोटो काढतो.