शाळेतली गेलेली माणसं: याद्या, फोटो आणि पाट्यांचे अनुभव (इंदूर)

दिवंगत विद्यार्थी, शिक्षक आणि कर्मचारी यांची यादी करायला घेतली की आधी धडाधड नावं येतात आणि पुढचे कित्येक महिने त्यातली चुकीची काढण्यात जातात. इंदुरातल्या मराठी शाळांसाठी हे काम ज्यांनी केलंय त्यांनी इथे लिहावं. आठवणी स्मरणिकेत येतीलच. इथे फक्त काम कसं करायचं आणि ते कुठे अडतं तेवढंच हवंय.

रजिस्टर पाहणाऱ्यांकडून

सुरुवात स्कॉलर नंबरापासून, म्हणजे प्रवेशाच्या रजिस्टरातल्या विद्यार्थ्याच्या क्रमांकापासून करा, नावापासून नको. एकाच नावाची दोन-तीन मुलं दर दहा वर्षांत सापडतात, नंबर मात्र एकाचाच असतो. वहीत पाचच रकाने आखा: स्कॉलर नंबर, दाखल्याप्रमाणे नाव, वडिलांचं नाव, प्रवेशाचं साल, शाळा सोडल्याचं साल. बाकी सगळं नंतर.

रजिस्टराची पानं फोनवर काढताना खिडकीच्या उजेडात, खाली काळं कापड घालून, डावं आणि उजवं पान वेगवेगळं काढा. फाटक्या पानाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत ती तपकिरी पडते, तिचा चिकटा शाईत उतरतो आणि नेमकं तेच नाव जातं. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते पुन्हा निघत नाही. हे काम दिवाळी ते होळी उरका. पावसाळ्यात पानं ओल धरतात, उलटताना एकमेकांना चिकटून फाटतात.

मुलींच्या नावांबद्दल

मुलींची नावं सगळ्यात जास्त हरवतात. आडनाव बदलतंच, शिवाय आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळांवर नवं नाव लिहायची रीत, त्यामुळे कित्येकींचं पहिलं नावही बदललेलं. रजिस्टरात कुमुद, सासरी सुनीता. बातमी येते सुनीताची आणि यादीत कुमुद जिवंतच राहते. दोन्ही नावांची स्वतंत्र नोंद करा आणि दोन्ही नोंदींपुढे तिचा तोच स्कॉलर नंबर लिहा. छापताना माहेरचं नाव आधी. शाळेत ती त्याच नावाने होती.

‘ळ’ची भानगड

नोंदी पुष्कळदा हिंदी वळणाच्या हातच्या. काळे ‘काले’ होतात, साळुंके ‘सालुंके’, पाणसे ‘पानसे’. इंदूरच्या चित्रशाळेचे दत्तात्रेय दामोदर देवळालीकर, ज्यांच्याकडे ना. श्री. बेंद्रे आणि म. फि. हुसेन शिकले, तेही हिंदीत सर्रास ‘देवलालीकर’च. मोठ्या माणसाचं नाव निदान ओळखू तरी येतं. साध्या विद्यार्थ्याचे मात्र यादीत दोन विद्यार्थी होतात, एक काळे आणि एक काले. यादी संगणकावर असेल तर ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ण’ आणि ‘न’ अशा दोन्ही तऱ्हांनी शोधल्याशिवाय ‘नोंद नाही’ म्हणू नका.

सन नसलेल्या कागदांसाठी

शिक्का बघा. होळकर राज्याचा असेल तर कागद 28 मे 1948 च्या आधीचा. ‘मध्यभारत’ असेल तर तिथपासून 31 ऑक्टोबर 1956 पर्यंतचा, कारण 1 नोव्हेंबरला मध्य प्रदेश झाला. जुने शिक्के थोडे दिवस चालवले जातातच, तेव्हा चार-सहा महिने इकडेतिकडे धरा. फीच्या पावतीवर आणे-पै असतील तर ती बहुधा 1 एप्रिल 1957 पूर्वीची. ‘नये पैसे’ असतील तर 1957 ते 1964. या दोन खुणांवर पुष्कळशा सुट्या पावत्या मार्गी लागतात.

तिथ्यांचा घोळ

यावर जरा सविस्तर लिहितो, कारण पुण्याच्या लोकांना हा प्रश्नच पडत नाही. मराठी घरात महिना अमावास्येला संपतो, माळव्यातल्या हिंदी पंचांगात पौर्णिमेला. शुद्ध पक्षात फरक नाही. वद्य पक्षात हिंदी महिना एक पुढे. घरचे ‘कार्तिक वद्य पंचमी’ म्हणतात, तोच दिवस हिंदी पंचांगात मार्गशीर्ष कृष्ण पंचमी. आपला पितृपक्ष भाद्रपद वद्य, त्यांचा आश्विन कृष्ण. सांगणाऱ्याचं पंचांग न विचारता तारीख काढली तर महिनाभराची चूक होते. इंग्रजी साल काढायला, शक असेल तर सालात 78 मिळवा आणि विक्रम संवत असेल तर 57 वजा करा. जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंत हेच आकडे 79 आणि 56. छापताना इंग्रजी तारीखच द्या, तिथी घरच्यांच्या सोयीसाठी शेजारी.

भृत्य (शिपाई), मौशी, घंटेवाले

यांची नावं रजिस्टरात मिळत नाहीत. सगळे ‘मामा’ किंवा ‘मौशी’. पगारपत्रकं काढा. रेव्हेन्यू तिकिटावरची सही किंवा अंगठा, आणि अंगठ्याशेजारी कारकुनाने लिहिलेलं पूर्ण नाव, एवढाच पुरावा बहुतेकांचा. पुढे सेवापुस्तिका, असली तर. पाणी भरणारी मौशी शाळेच्या पगारावर नसून किरकोळ खर्चात असायची, तेव्हा व्हाउचरच्या फायलीही चाळा. यादीत त्यांना वेगळं ‘इतर कर्मचारी’ म्हणून शेवटी टाकू नये. ज्या साली ते गेले त्या सालाखाली, मुख्याध्यापकांच्या वर आले तर वर.

ग्रुप फोटो

पुठ्ठ्यावर चिकटवलेला 10×12 इंचाचा फोटो साध्या ए-4 स्कॅनरवर मावत नाही. दोन भागांत, मध्ये तीनेक इंच सामाईक ठेवून स्कॅन करा. 600 डीपीआयला 6000×7200 पिक्सेल होतात, रंगीत टिफ साधारण 130 एमबी. चेहरे ओळखायला एवढं लागतंच. व्हॉट्सॲपवरून आलेल्या प्रतीत मागची रांग म्हणजे नुसते ठिपके.

काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकट कॅमेऱ्याने घ्या. ओल्या फडक्याने पुसू नका. पाठीमागे लिहायचं तर मऊ पेन्सिल; बॉलपेनचा दाब पुढून चेहऱ्यावर उमटतो. नंतरच्या प्लास्टिकच्या थराच्या प्रिंटवर पेन्सिल चालत नाही, तिथे पाकिटावर लिहा आणि मग फोटो आत घाला.

ओळख पटवायला ट्रेसिंग पेपर सगळ्यात उपयोगी. फोटोवर ठेवून फक्त डोक्यांचे गोल काढा, त्यात आकडे घाला आणि त्याच्या झेरॉक्स चार-पाच ज्येष्ठांकडे स्वतंत्रपणे पाठवा. एकत्र बसवलं की जो मोठ्याने बोलतो त्याचं खरं ठरतं. तिघांचं जुळलं तर नाव पक्कं, नाहीतर प्रश्नचिन्ह. ‘डावीकडून’ म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडून, हे प्रत्येक कागदावर लिहा. खुर्चीवरच्या आणि जमिनीवर बसलेल्या रांगा वेगळ्या मोजा.

गेल्याची खात्री

ऐकीव बातमीवर कोणाच्याही नावामागे ‘कै.’ लावू नका. दोन पुरावे हवेत: घरच्यांपैकी एक, आणि दैनिकातली उठावन्याची (अंत्यसंस्कारानंतरच्या शोकबैठकीची) किंवा शोकसंदेशाची जाहिरात, नाहीतर नगर निगमचा दाखला. जाहिरातीत मुलांची, जावयांची नावं असतात, त्यावरून घरही सापडतं. 2021 च्या एप्रिल-मेमध्ये, कोरोनाच्या लाटेत गेलेल्यांबाबत मात्र उठावना झालाच नाही, असं पुष्कळदा निघतं; तिथे दाखल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि सगळ्यांसाठी ‘दिवंगत’ हाच शब्द बरा. शाळेत सगळ्या धर्मांची मुलं होती, कै., स्व., मरहूम असं निवडत बसलं की एखादं चुकतंच.

सभेत नावं वाचायची तर

नाव आणि साल मिळून पाच सेकंद, म्हणजे मिनिटाला बारा. 240 नावांना वीस मिनिटं. एकाचा घसा बसतो; दोन वाचणारे ठेवा, दर पानाला बदल. उच्चार आदल्या दिवशी तपासा.

पाटी

36 इंच उंच ग्रॅनाइटवर वर-खाली तीन-तीन इंच सोडले आणि ओळीला दीड इंच दिला तर एका रांगेत वीस नावं बसतात. त्याहून दाटीने कोरलं तर उकार आणि वेलांट्या एकमेकींत जातात. कोरायच्या आधी कारागिराकडून खऱ्या मापाचा कागदी नमुना काढून घ्या आणि ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’, ‘ळ’ बघा. हिंदी फॉन्टात हेच मोडतात. दगडातलं अक्षर खोडता येत नाही, भरलं तरी डाग दिसतो. यादी वाढत राहणार असेल तर प्रत्येक नावाची वेगळी पितळी पट्टी बरी, ती काढून बदलता येते. स्क्रूही पितळेचेच घ्या. लोखंडी असले तर दोन पावसाळ्यांत गंज नावावर ओघळतो.