तुराटीचा स्टायलस

हातात धरून खेळायच्या गेम कन्सोलला दोन स्टिक (अंगठ्याने फिरवायच्या छोट्या दांड्या) नसल्या की फर्स्ट पर्सन शूटर, म्हणजे पात्राच्या नजरेतून गोळ्या झाडायचा गेम, जमतच नाही, असं कुणी कुणी म्हणतं. अर्धंच पटलं. निन्टेंडो डीएस या दोन पडद्यांच्या कन्सोलला तर एकही स्टिक नव्हती, तरी २००६ मध्ये त्यावर 'मेट्रॉइड प्राइम हंटर्स' हा असाच गेम आला. डाव्या हाताने चालायचं, एल बटणाने गोळी, नेम स्टायलसने, म्हणजे पडद्यावर टेकवायच्या काडीने, खालच्या पडद्यावर. दोनदा टकटक केलं की उडी. नेम स्टिकपेक्षा चपळ लागायचा, हे मी पैजेवर सांगतो. मनगट मात्र अर्ध्या तासात बोंबलायचं, ते खरंच.

आता आमच्याकडची गोष्ट. मामेभावाने पुण्याहून जुना डीएस आणला होता, यवतमाळकडच्या आमच्या गावात. स्टायलस दुसऱ्याच दिवशी कापसाच्या गंजीत गडप! मग तुराटीचा तुकडा घेतला, टोक फरशीवर घासून गुळगुळीत केलं अन् खेळलो पूर्ण उन्हाळा. डीएसचा पडदा दाबावर चालतो, म्हणून नखही चालायचं, काडीही. आजच्या मोबाइलवर तुराटी घासून बघा, काही होत नाही भाऊ. लोडशेडिंगच्या दुपारी बॅटरी आधी संपायची की मनगट, एवढाच प्रश्न राहायचा.