विषय: ट्रान्सफरचे निकाल – अपील कोणी केलंय का?

(ईमेल यादी सांभाळणाऱ्याकडून: पहिल्या पत्राच्या लेखिकेनं नाव नको म्हटलं, म्हणून पुढच्या सगळ्यांचीही नावं काढली आहेत. कोण ते शोधत बसू नका. कॅलिफोर्नियातल्या आपल्या बे एरियात तुम्हाला ते कळणारच आहे, पण तरीही.)

शनिवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी,

गेली अकरा वर्षं मी या यादीवर मोदकांच्या ऑर्डरी आणि कार्यक्रमाचं पार्किंग सोडून काही लिहिलेलं नाही. आज जरा वेगळं आहे.

मुलगा दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात आहे, कॉम्प्युटर सायन्स घेऊन. हायस्कूलनंतर मनासारखं कुठे मिळालं नाही, तेव्हा आम्हीच त्याला म्हणालो, इथून दोन वर्षं काढ, पैसेही वाचतील, मग ट्रान्सफर घेऊन विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जा. त्यानं मान खाली घालून केलं. ग्रेड उत्तम. यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या) ज्या तीन ठिकाणांवर जीव होता, तिथून या आठवड्यात एकामागून एक ‘नाही’ आलं. सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीला मिळालंय, पण त्याचं नाव काढलं की खोलीचं दार लागतं.

असिस्टच्या साइटवरून काढलेली यादी, म्हणजे आपल्या कॉलेजातला कुठला कोर्स कुठल्या कॅम्पसला चालतो ती, दोन वर्षं आमच्या फ्रिजवर होती. कोर्स झाला की तो हिरव्या पेननं रेघ मारायचा. गुरुवारी सकाळी चहाचं दूध काढायला गेले तर कागद नाही. गणपतीचं चुंबक मात्र होतं तिथेच.

विचारायचं ते असं. अपील करून काही होतं का? तिथे कोणाची ओळख आहे का? टॅग, म्हणजे ट्रान्सफर प्रवेशाच्या हमीचा अर्ज, भरला असता तर बरं झालं असतं का? (आम्हीच म्हणालो होतो, तुला कशाला हवी हमी.) आणि हा जेवायला खाली येत नाही, त्याचं काय करू?

रविवार, सकाळी ८:१५

काकू, मी स्वतः ट्रान्सफरवाला आहे. दोनदा अर्ज भरलेत, पहिल्या वर्षी सगळीकडून नकार होता. त्यामुळे सांगतो, ऐका.

ओळखीचा विषय आधी संपवू. या अर्जात यूसी शिफारसपत्रं सहसा मागतच नाही, त्यामुळे कोणाचा मामा तिथे प्रोफेसर असला तरी त्याच्या हातात काही नसतं. अपील करता येतं, पण त्यात नवीन काहीतरी लागतं, अर्जात न आलेलं आणि वजनदार. एखादा ग्रेड चुकीचा नोंदला गेला, मोठं आजारपण लिहायचं राहिलं, असलं काही. मुलगा हुशार आहे हे त्यांना अर्जातच कळलेलं असतं. तसं काही हाताशी नसेल तर अपिलाचं पत्र लिहिण्यात त्याचे आणखी तीन आठवडे जातील आणि नकार दुसऱ्यांदा वाचावा लागेल. वेटलिस्ट मिळाली असेल तर ती वेगळी गोष्ट, तिथे हो म्हणून ठेवायला हरकत नाही.

टॅगचं म्हणाल तर तो सप्टेंबरात भरायचा असतो, एकाच कॅम्पसला. आणि तो देतात सहाच कॅम्पस: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो देत नाहीत. त्यातही कॉम्प्युटर सायन्स काही ठिकाणी टॅगमधून वगळलेलंच आहे. तेव्हा स्वतःला बोल लावू नका.

आपल्या लोकांचा एक गैरसमज पक्का आहे. कम्युनिटी कॉलेजातून यूसीत जायची वाट १९६० च्या उच्च शिक्षणाच्या मास्टर प्लॅनपासून राज्यानंच आखलेली आहे. दोन फर्स्ट-इयरवाल्यांमागे एक ट्रान्सफर, असं ते प्रमाण. ते ऐकून आपण धरून चालतो की दोन वर्षं नीट केली की झालं. पण ते प्रमाण सगळ्या यूसीचं मिळून आहे, कुठल्या एका मेजरचं, म्हणजे मुख्य विषयाचं, नाही. यूसीएलएला सगळे विषय धरून ट्रान्सफरच्या साधारण चारांत एकाला जागा मिळते, आणि कॉम्प्युटर सायन्सला त्याहून कितीतरी कमी जणांना. खाजगी विद्यापीठांचं तर विचारूच नका. प्रिन्स्टननं १९९० पासून ट्रान्सफर घेणंच बंद केलं होतं. २०१८ मध्ये पुन्हा सुरू केलं, तेव्हा पहिल्या खेपेला १३ जणांना प्रवेश देऊ केला. तेरा!

आणखी एक. दुसऱ्या मेजरमध्ये शिरायचं आणि आत गेल्यावर कॉम्प्युटर सायन्सला उडी मारायची, असा सल्ला पुढच्या वर्षी कोणीतरी देईलच. ऐकू नका. मोठ्या कॅम्पसवर आतून ते मेजर मिळवणं बाहेरून मिळवण्याइतकंच कठीण असतं.

आता खरं विचारायचं ते. तो सध्या क्लासला जातोय का? तुमचं कॉलेज क्वार्टरवालं (साधारण तीन-तीन महिन्यांच्या सत्रांचं) असेल तर जूनच्या शेवटापर्यंत अभ्यास आहे. सॅन होजे स्टेटचा प्रवेश हा सशर्त असतो, ठरलेले कोर्स पास होऊन अंतिम ट्रान्सक्रिप्ट गेली तरच तो टिकतो. माझ्या पहिल्या वर्षी मी एप्रिल ते जून नुसता गाडीत बसून होतो, कॉलेजच्या पार्किंग लॉटमध्ये. घरी वाटायचं मी क्लासला गेलोय.

रविवार, दुपारी १:०५

वहिनी, दादानं मुद्देसूद लिहिलंय. मी एवढंच म्हणेन, जे होतं ते बऱ्यासाठीच. मला व्हीजेटीआय मिळालं नाही, सांगलीला वालचंदला गेलो. तेव्हा रडलो होतो. आज बघा, घर आहे, दोन्ही मुलं मार्गी लागली. मुलाला माझ्याकडे पाठवा, समजावून सांगतो.

रविवार, संध्याकाळी ६:३०

काका, सॉरी, पण नका बोलावू. (मी मराठी शाळेच्या पहिल्या बॅचची. हे आजी शेजारी बसून तपासतेय, चुका राहिल्या तर तिच्या.)

मी पण ट्रान्सफरला रिजेक्ट झाले होते. त्या वेळी मला पंधरा लोकांनी आपापली वालचंदची गोष्ट सांगितली. प्रत्येकाची वेगळी होती आणि शेवट सगळ्यांचा एकच, मोठं घर. मला तेव्हा घर नको होतं. मला माझं मंगळवार-गुरुवारचं लायब्ररीतलं टेबल आठवून रडू येत होतं, कारण मी तिथे बसून जे जे केलं ते एका ओळीत संपलं.

फर्स्ट-इयरच्या नकारापेक्षा हा वेगळा लागतो. तेव्हा वर्गातल्या सगळ्यांनाच कुठून तरी नकार येतो, सगळे मिळून शिव्या देतात. ट्रान्सफरला तुम्ही एकटे असता. हायस्कूलचे मित्र थर्ड-इयरला जायच्या तयारीत असतात, कम्युनिटी कॉलेजात कोण कुठे भरतंय ते कुणाला माहीत नसतं. आणि हे दुसऱ्यांदा झालेलं असतं. पहिल्यांदा म्हणता येतं की हायस्कूलमध्ये मी सिरियस नव्हते. दुसऱ्यांदा काय म्हणायचं?

मला सगळ्यात जास्त भीती दिवाळीच्या कार्यक्रमाची होती, निकालाची पण नाही. कारण आईनं सगळ्यांना सांगून ठेवलेलं, “दोन वर्षांनी ही बर्कलीला.” हॉलच्या दारातच कुणीतरी विचारणार, “मग, कुठे?” मी त्या वर्षी ताप आलाय म्हणून घरी राहिले. ताप नव्हता.

काकू, जेवणाचं विचारलंत ना. माझ्या आईनं एक दिवस मला फक्त कढीपत्ता आणायला सोबत नेलं. गाडीत काहीच बोलली नाही. दुकानात म्हणाली, यातली कुठली जुडी ताजी वाटते बघ. मी बघितली. त्या रात्री मी खाली जेवले.

रविवार, रात्री ९:५०

वरच्या मुलीला: तुझ्या आईला मीही विचारलं होतं, “मग, कुठे?” दिवाळीत, चिवड्याच्या टेबलापाशी. तू दिसली नाहीस म्हणून. पुन्हा विचारणार नाही.

– वालचंदवाले काका

मंगळवार, रात्री १०:२०

सगळ्यांचे आभार. वेगवेगळं उत्तर लिहीत नाही.

दादाचं पत्र वाचून मी रविवारीच विचारलं, क्लासला जातोस का. तो म्हणाला हो. मग थोड्या वेळानं खाली आला आणि म्हणाला, नाही. आठ दिवस गेलेला नाही. एक लॅब आणि एक क्विझ बुडालीय. मी ओरडणार होते, तोंडापर्यंत आलं होतं. काल त्यानं प्रोफेसरांना ईमेल केली, माझ्यासमोर नाही, पण केली. लॅब भरून काढता येईल, क्विझ नाही. आज सकाळी पावणेआठला गाडी गेली. पार्किंग लॉटमध्ये थांबली की वर्गात गेला हे मला माहीत नाही, आणि मी फोनवर लोकेशन बघितलं नाही. (दोनदा उघडलं, मग बंद केलं.)

अपील करणार नाही, हे त्यानंच ठरवलं. सॅन होजे स्टेटला हो म्हणायचं की आणखी एक वर्ष इथेच काढून पुन्हा भरायचं, हे अजून ठरलेलं नाही. मला तिथे हो म्हणावं असं वाटतं. त्याचे बाबा म्हणतात पुन्हा भर. तो म्हणतो, पुन्हा भरलं तर अर्जात नवीन काय लिहू? याला आमच्याकडे उत्तर नाही.

हो, आणि जानेवारीतल्या हळदीकुंकवाला “दोन वर्षांत बर्कली” हे मीच सगळ्यांना सांगितलं होतं. वाण देता देता. वीसेक जणी होत्या. तुमच्यापैकी बऱ्याच जणी या यादीवर आहात, म्हणून हे इथेच लिहिते: शनिवारच्या कार्यक्रमाला तो आला तर त्याला काही विचारू नका. येईल असं म्हणालाय, खुर्च्या लावायला.

पार्किंगचं: हॉलचं मागचं गेट या वेळी बंद आहे, शाळेच्या बाजूनं या. मोदकांची ऑर्डर गुरुवार संध्याकाळपर्यंत.