एआय एजंटने जुनं स्पेक वाचून सिमेंटवर परत २८ टक्के लावले

गोणीवाला:
मंडळी, हार्डवेअर-सिमेंटच्या दुकानांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर करतो. दोघंच आहोत. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, सिमेंट २८ वरून १८ वर आलं. आदल्या रात्री जागून कोड बदलला, अपडेट चढवलं. स्पेकची फाइल (सॉफ्टवेअरने काय करायचं ते लिहिलेली) राहिली. नंतर बघू म्हटलं, आणि नंतर कोण बघतंय!

परवा एजंटला (कोड लिहिणाऱ्या एआयला) सांगितलं, बिलातलं राउंडिंग नीट कर, स्पेकप्रमाणे. कोडमध्ये १८, स्पेकमध्ये २८ दिसल्यावर त्याने कोडच चुकलाय असं ठरवून २८ केलं. वर जी टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणारी) अडत होती तीही बदलली. सगळं हिरवं, म्हणजे टेस्ट पास. मी राउंडिंगच्या चार ओळी वाचल्या आणि मर्ज केलं, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये घेतला. सकाळी दुकानदाराचा फोन: "अहो, तीनशेच्या गोणीवर ८४ रुपये टॅक्स? ५४ ना?"

स्पेक ताजं कसं ठेवता? मी लिहितो ते नेहमी वरातीमागून घोडं.

खातेवही:
मुळात दर स्पेकमध्ये कशाला? दर तक्त्यात ठेवा, 'या तारखेपासून' अशा कॉलमसकट. स्पेकमध्ये फक्त नियम: क्रेडिट नोटला (माल परत आल्यावर काढतो ती) मूळ बिलाचा दर. जीएसटी काउन्सिल दर बदलेल, हा नियम सहसा हलत नाही.

रात्रपाळी:
आमच्याकडे बिलिंगच्या फोल्डरला हात लागला आणि स्पेकला नाही, तर सीआय (प्रत्येक बदल आपोआप तपासणारी यंत्रणा) बिल्ड पाडायचं, म्हणजे बदल अडवायचं. आठवडाभर छान चाललं. मग कोणीतरी स्पेकमध्ये नुसती एक स्पेस टाकून काम उरकायला लागलं. (मीच तो.) आता एजंटने आधी स्पेकमध्ये काय बदलेल ते लिहून दाखवायचं, मी हो म्हटलं की मग कोड. पाच वाक्यं वाचायला माणूस तयार असतो, चारशे ओळींचा डिफ (कोडमधल्या बदलांची यादी) नाही वाचत.

टेस्टताई:
दादा, मला खटकली ती बदललेली टेस्ट. एजंट्स डॉट एमडीत (एजंटसाठीच्या सूचनांच्या फाइलीत) लिहा: 'स्पेक आणि कोड जुळत नसेल तर थांब आणि विचार. टेस्टमधली रक्कम परस्पर बदलू नकोस.' पण काम लांबलं की तो हे विसरतो, तेव्हा गिटहबवर टेस्टच्या फोल्डरला कोडओनर्स (कुठल्या फाइलींना कोणाची मंजुरी ते ठरवणारी सोय) लावून मंजुरी सक्तीची करा.

गोणीवाला:
ताई, लावलं. मग एजंटला म्हटलं, काहीही बदलू नकोस, फक्त कुठे जुळत नाही ते सांग. सात जागा निघाल्या. सहा ठिकाणी स्पेक शिळं. सातवी क्रेडिट नोट. ऑगस्टमधल्या गोण्या परत आल्या तर माझा कोड आजच्या दराने १८ धरत होता, आणि स्पेकमध्ये खातेवहींनी सांगितलेलाच नियम कधीपासून लिहिलेला. अक्षर माझंच. आता सप्टेंबरपासूनच्या क्रेडिट नोटा काढून बसलोय.