दहा वावरांवरून अख्ख्या मंडळाचा पीक विमा: हा हिशेब पटतो का?

काटोलचा_कास्तकार
२०२५ च्या खरिपापासून राज्यातला एक रुपयाचा पीक विमा बंद झाला. आता सोयाबीनला विमा रकमेच्या २ टक्के हप्ता, कापसाला ५. हप्ता वाढला याचं मला तेवढं दुःख नाही. पण त्याबरोबर गारपीट, पेरणी वाया जाणं, कापून ठेवलेलं सोयाबीन भिजणं, यांची वेगळी भरपाईही गेली. उरला एकच रस्ता, पीक कापणी प्रयोग.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, एका पिकाचे कमीत कमी दहा प्रयोग. गाव लॉटरीनं, गट नंबर लॉटरीनं, वावरातला तुकडा कुठे आखायचा तेही लॉटरीनं. तो तुकडा कापायचा, मळायचा, वजन करायचं. दहांची सरासरी उंबरठा उत्पादनाच्या (मागच्या वर्षांच्या पिकावरून ठरवलेल्या किमान आकड्याच्या) खाली गेली तं मंडळातल्या सगळ्यांना पैसे. नाही गेली तं कोणालाच नाही.

आमच्याकडे धुऱ्याच्या अल्याड काळी भारी जमीन आन् पल्याड हलकी बरड. एकाच पावसात एक वावर पिवळं पडते, दुसरं उभं राहते. हजारो हेक्टरांच्या मंडळाचा निकाल दहा तुकडे कसे काय देणार? मी नागपुरात नोकरी करतो, वावर बाबा पाहतात. त्यांना हे काय म्हणून समजावून सांगू? स्टॅटिस्टिक्सवाले असतील त्यांनी बोलावं.

बर्डीवाला
सॅम्पलवर भरोसा ठेवणारे अजून आहेत? २०२४ च्या लोकसभेचे एक्झिट पोल आठवा. बहुतेकांनी एनडीएला साडेतीनशेच्या वर बसवलं होतं, मोजणीत निघाल्या २९३. तिथं लाखो लोकांना विचारल्याचे दावे होते. दहा वावरांचं काय घेऊन बसलात!

सरासरी
बर्डीवाले, तुमचं उदाहरण तुमच्याच अंगावर येतंय. लाखोंना विचारूनही चुकलं, म्हणजे कमतरता संख्येची नव्हती. कोण बोललं, कोण गप्प बसलं, खरं कोण बोललं, घोळ तिथे होता. १९३६ साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकानं एक कोटीच्या आसपास मतपत्रिका टपालानं धाडल्या, वीस लाखांहून जास्त भरून परत आल्या, आणि त्यांनी छापलं की अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रूझवेल्टच्या विरोधातले लँडन जिंकणार. रूझवेल्ट ६१ टक्के मतं घेऊन निवडून आले. जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलपचा नमुना त्यांच्या तुलनेत चिमूटभर होता, पण त्यानं नाव बरोबर सांगितलं. साप्ताहिकानं पत्ते घेतले होते टेलिफोन आणि मोटारमालकांच्या याद्यांतून. मंदीच्या दिवसांत टेलिफोन कोणाकडे होता, आणि पत्र परत पाठवण्याइतका राग कोणाला आला होता, हे तुम्हीच ठरवा.

आता कास्तकार भाऊंचा प्रश्न. मंडळ पाच हजार हेक्टरांचं असो की पन्नास हजारांचं, दहा प्लॉटच्या सरासरीतली संभाव्य चूक जवळपास सारखीच असते. ती दोन गोष्टींवर ठरते: वावरा-वावरांत फरक किती, आणि प्लॉट किती. मंडळ केवढं, याचा तिच्याशी फारसा संबंध नाही. वर्गात हे सांगितलं की मुलं दर वर्षी माझ्याकडे संशयानं बघतात. पण देशभरच्या कुटुंबांच्या खर्चाची २०२२-२३ ची सरकारी पाहणी २,६१,७४६ घरांवर झाली, आणि तिच्यावर अर्थशास्त्रज्ञ भांडतात ते प्रश्नावलीवरून आणि घरं कशी निवडली यावरून. घरं कमी पडली, असं क्वचितच कोणी म्हणतं.

कळमना_अडत
कास्तकार दादा, राग नका मानू. तुम्ही गाडीभर सोयाबीन नागपूरच्या कळमना बाजारात आणता तेव्हा आम्ही मूठभर दाणे मशीनमध्ये टाकतो. ओलावा १२ च्या वर दाखवला की भाव पडते. त्या मुठीवर तुम्ही अख्खी गाडी विकून जाता. तेव्हा नाही म्हणत, एक-एक दाणा मोजा म्हणून.

काटोलचा_कास्तकार
अडतवाले भाऊ, तिथं ढीग माझा, नमुना माझ्याच ढिगाचा, आन् मी बाजूला उभा. वरून घेऊ नका, मधून काढा, असं म्हणू शकतो. पटलं नाही तं गाडी वळवू शकतो. विम्यात नमुना दुसऱ्याच्या ढिगाचा आन् भाव माझा. हे एकच आहे का?

सरासरी
ही तक्रार मात्र नेमकी आहे, आणि ती पहिल्या पोस्टमधल्या तक्रारीपेक्षा वेगळी आहे. 'दहा तुकडे मंडळाबद्दल काही सांगू शकत नाहीत' हे चूक. 'दहा तुकडे माझ्या वावराबद्दल काही सांगत नाहीत' हे शंभर टक्के बरोबर. ते सांगण्यासाठी त्यांना नेमलेलंच नाही. ही योजना क्षेत्राचा विमा काढते, वावराचा नाही. तुमच्या वावरात शून्य पिकलं आणि मंडळ तरलं, तर आकडेवारी बरोबर असूनही तुमच्या हातात काही पडणार नाही. भांडायचं तर सरकारनं एकक काय धरलं, म्हणजे किती मोठ्या भागाचा एकच निकाल लावायचा, यावर भांडा.

दहा प्लॉट काय सांगतात आणि किती खात्रीनं, हे करून बघू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. मंडळाचं सोयाबीनचं सरासरी उत्पादन हेक्टरी १२ क्विंटल धरा. ही सरासरी मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची काढतात. जोखीमस्तर ७० टक्के, म्हणजे या सरासरीच्या ७० टक्के हा उंबरठा, ८.४. यंदा दहा प्लॉटची सरासरी आली ९. निकाल: भरपाई शून्य. आता प्लॉटा-प्लॉटांत ४ क्विंटलचं प्रमाण विचलन (सरासरीपासूनचा साधारण फरक) असेल (तुमच्या बरडीचं आणि काळ्या जमिनीचं वर्णन ऐकून हे जास्त वाटत नाही), तर सरासरीतली प्रमाण त्रुटी, म्हणजे तिच्यातली साधारण चूक, ४ भागिले १० चं वर्गमूळ, म्हणजे १.२६. नमुना लहान म्हणून गुणक थोडा मोठा घ्यावा लागतो. ९५ टक्के खात्रीची पट्टी निघते ६.१ ते ११.९.

खरी सरासरी ७.५ असू शकते. तशी असती तर नियमानं (उंबरठ्याला ०.९ कमी, भागिले ८.४) जवळपास ११ टक्के भरपाई बसली असती. ती १०.५ ही असू शकते. कागदावर मात्र फक्त '९' छापलं जातं, पट्टी कोणी छापत नाही. माझा आक्षेप तिथे आहे.

काटोलचा_कास्तकार
मग घ्या ना चाळीस प्लॉट! नाही तं एकक गाव करा. केंद्राच्या योजनेत मुख्य पिकाला गाव पातळीवर चार प्रयोगांची सोय लिहिलेली आहे. आमचं गाव, आमचे चार प्लॉट. दुसऱ्या गावचं पीक कशाला मधात?

सरासरी
चाळीस घेतले तर चूक निम्मी होते, पाव नाही. चौपट माणसं, चौपट मळणी, तीही त्याच दोन-तीन आठवड्यांत.

गावाचं गणित बघा. गावातल्या गावात फरक कमी असेल, ४ ऐवजी ३ धरा. प्लॉट चार. ३ भागिले २, म्हणजे १.५. मंडळाच्या १.२६ पेक्षा जास्त. गावाचा आकडा तुमच्या जवळचा होईल, पण उड्या जास्त मारेल. शेजारच्या दोन गावांत सारखंच पीक असून एकाला पैसे आणि दुसऱ्याला ठेंगा, असं जास्त वेळा होईल. मग याच धाग्यावर येऊन तुम्ही विचाराल की चार वावरांवरून गाव कसं ठरतं.

काटोलचा_कास्तकार
विचारीन. पण उड्या तं माझ्या गावाच्या आकड्याच्या राहतील ना. दुसऱ्याच्या गावच्या स्थिर आकड्यापेक्षा मला माझ्या गावचा उड्या मारणारा चालते.

मिहान_इंजिनिअर
एवढी कटकट कशाला? प्लॉट लहान करा, दोन-दोन फुटांचे शेकडो कापा. सॅम्पल साइज आपोआप वाढेल. किंवा सरळ सॅटेलाइट वापरा. वरून प्रत्येक वावर दिसतं, मग सॅम्पलची गरजच काय?

रामटेकची_आकडेवाली
लहान प्लॉटचा वाद आपल्याकडे ऐंशी वर्षांपूर्वी होऊन गेलाय, आणि त्यात एक बाजू मराठी माणसाची होती. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस लहान कापांच्या बाजूचे, बंगालमध्ये त्यांनी तशाच पाहण्या उभ्या केल्या. दिल्लीत शेती संशोधन परिषदेत काम करणारे पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, त्यांनी दाखवलं की काप जितका लहान तितकं उत्पादन फुगून दिसतं. कारण साधं आहे. दोरी लावली की कडेवर झाड येतं, आत धरायचं की बाहेर? कापणारा माणूस नकळत आत धरतो. लहान तुकड्यात कड जास्त आणि पोट कमी. अशी चूक शेकडो प्लॉट घेऊनही जात नाही, सगळ्यांत एकाच दिशेनं साचत जाते. विम्यात फुगलेलं उत्पादन म्हणजे बुडालेली भरपाई.

सॅटेलाइटचं म्हणाल तर ते पानांचा हिरवेपणा बघतं, शेंगेतला दाणा तोलत नाही. हिरवेपणावरून क्विंटल काढायचं सूत्र जुळवायला शेवटी जमिनीवरचे कापणी प्रयोगच लागतात. केंद्रानं भात आणि गव्हासाठी आणि नंतर सोयाबीनसाठी तंत्रज्ञानाच्या अंदाजाला किमान ३० टक्के वजन दिलं आहे. उरलेलं वजन अजून विळ्याकडेच आहे, आणि धानाच्या पट्ट्यात राहणारी म्हणून सांगते, ढगाळ ऑगस्टमध्ये वरून वावर दिसतच नाही, तेव्हा ते बरंच आहे.

निवृत्त_कृषी_सहायक
सगळे पाटीवरचं गणित करून राहिले. मी वावरात उभं राहून प्रयोग घेतले आहेत, जरा माझं ऐका.

लॉटरीत गट नंबर निघते. आपण तारीख घेऊन जातो. तिथं गेल्यावर कळते, सोयाबीन तं चार दिवसांआधीच कापलं. मजूर मिळाले, पाऊस येऊन राहिला होता, कास्तकार काहून थांबन? मग बदली वावर पाहा. आता विचार करा, लवकर कोणाचं कापलं जाते. ज्यानं लवकर येणारं वाण पेरलं त्याचं, आन् ज्याची जमीन हलकी, पीक आधी वाळलं, त्याचं. मागं उभं काय राहते? भारी जमिनीतलं. बदली वावर तेच सापडते.

दुसरं. २०२३ ला इकडे सोयाबीनवर पिवळा मोझॅक रोग आला. कितीकांनी शेंगाच नाहीत म्हणून उभ्या पिकात रोटावेटर फिरवला, हरभऱ्याची तयारी केली. ते वावर नमुन्यात आलं तं तिथं शून्य लिहायला पाहिजे. पण पीकच नाही म्हणून बदली घेतलं की ते शून्य यादीतूनच गायब. उरलेल्याची सरासरी छानच येणार.

लॉटरी मात्र बंद करू नका म्हणतो मी. नजरअंदाज पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं ते नुसतं पाहून ठरवणं, पाहिली आहे. कोणाच्या ओट्यावर चहा झाला, त्याप्रमाणं पीक दिसते. लॉटरीला कोणी मामा-भाचा नसते.

सरासरी
काका, तुमचे दोन परिच्छेद माझ्या वर्गमुळांपेक्षा भारी आहेत. मी मोजली ती चूक कधी वर जाते, कधी खाली. तुम्ही सांगता ती एकाच बाजूला झुकते, आणि चाळीस प्लॉट घेतले तरी त्यातली बदली वावरं तशीच झुकलेली असतील. प्लॉटच्या संख्येवर आंदोलन करण्याऐवजी 'किती बदली वावरं घेतली आणि का' हा रकाना मागा.

दहा प्लॉट कमी आहेत म्हणून कंपनीचा फायदा होतो, असं इथे सगळे धरून चाललेत. त्यावर एक न आवडणारी गोष्ट सांगतो. नमुना एकतर्फी नसेल तर ते उलट आहे. समजा खरी सरासरी बरोबर उंबरठ्यावर, ८.४. तंतोतंत मोजलं तर भरपाई शून्य. दहा प्लॉटवर मोजलं तर साधारण अर्ध्या वेळा आकडा वर जाईल, तेव्हाही शून्यच. अर्ध्या वेळा खाली जाईल, तेव्हा पैसे. आकडा वर गेला म्हणून कोणी तुमच्याकडून वसुली करत नाही. म्हणजे मोजमाप जितकं ढोबळ, तितकी दीर्घकाळची सरासरी भरपाई जास्त. चाळीस प्लॉटची मागणी उद्या कंपन्यांनीच केली तर मला नवल वाटणार नाही.

बर्डीवाला
म्हणजे चुकीचं मोजणं शेतकऱ्याच्या फायद्याचं? प्राध्यापकांनी कमाल केली!

काटोलचा_कास्तकार
गणित समजलं, सर. पण ते 'दीर्घकाळची सरासरी' कोणाची हो? कंपनी शेकडो मंडळांत बसली आहे. इकडे जास्त गेलं, तिकडे वाचलं, तिचा हिशेब जुळते. बाबांचं वावर एकाच मंडळात, आन् बँकेला मार्चमध्ये सांगता येत नाही की पुढच्या वीस वर्षांची सरासरी धरा. नमुन्यातली चूक मोठ्यात जिरून जाते, लहानावर पडली की तो बसते. तुम्ही सरासरी शिकवता, आम्ही एक-एक हंगाम जगतो.

सरासरी
याला माझ्याकडे सूत्र नाही. एकट्याला झेपत नाही म्हणून विमा काढायचा, आणि विम्याच्या मोजमापातली जोखीम परत एकट्यावरच टाकायची, हा विरोधाभास आहेच. त्यावर एक उपाय सुचतो. सरासरी उंबरठ्याच्या वर आहे, पण चुकीच्या पट्टीच्या आत आहे, तेव्हा थेट शून्य देऊ नये. तिथे उतरती भरपाई ठेवावी. हप्ता थोडा वाढेल.

कळमना_अडत
हप्ता वाढला की कास्तकार विमाच काढत नाही, हेही पाहा. मग ज्यांचं पीक हमखास बुडते तेवढेच राहतात.

निवृत्त_कृषी_सहायक
कास्तकार भाऊ, तुमच्या मंडळाचे दहाही आकडे वेगवेगळे मागा, नुसती सरासरी नको. प्रयोगाच्या वेळी फोटो आन् ठिकाण मोबाइलवर चढवतात, फॉर्म भरतात, गावचे लोक सही करतात. सगळं कागदावर आहे. माहिती अधिकारात अर्ज टाका, मूळ निवडलेला गट नंबर कोणता आन् प्रत्यक्ष कापला कोणता, हे दोन रकाने शेजारी-शेजारी मागा.

काटोलचा_कास्तकार
टाकतो काका. आकडे आले की इथंच चिकटवतो, सरांनी पट्टी काढून द्यावी. बर्डीवाले भाऊ, तुम्ही तोवर एक्झिट पोल पाहा.