पाच दिवसांत स्कूबाचा कोर्स
अंदमानच्या पाच दिवसांच्या सहलीत ओपन वॉटर कोर्स (स्कूबा डायव्हिंगचा पहिला, प्राथमिक कोर्स) बसेल का, असं तुम्ही विचारलंय. बसतो, पण ओढाताण होते. कोर्सलाच तीन-चार दिवस जातात आणि शेवटच्या डाइव्हनंतर किमान 18 तास विमानात बसायचं नाही, कारण अंगात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. थिअरी घरूनच ऑनलाइन उरकून जा, म्हणजे अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर (आताचं स्वराज द्वीप) पोचल्यावर थेट पाण्यात उतरता येतं.

मला सगळ्यात जड गेलं ते मास्कमधलं पाणी काढणं. वाळूवर गुडघे टेकायचे, मास्कमध्ये थोडं पाणी घ्यायचं, मग वरची कड कपाळाशी दाबून नाकाने जोरात श्वास सोडायचा. पहिल्यांदा नाकात पाणी गेलं आणि मी घाबरून वर निघाले. इन्स्ट्रक्टरने खांदा धरला, हाताने खूण केली, आधी श्वास घे. तिसऱ्या खेपेला जमलं.

कानांकडे मात्र नीट लक्ष द्या. खाली जाताना सुरुवातीपासूनच नाक चिमटीत धरून कान मोकळे करत राहा, दुखायची वाट पाहू नका. आणि सर्दी असेल तर त्या दिवशी उतरूच नका, पैसे बुडाले तरी बुडू देत.